दोन वाजता की दोन तासांपूर्वी

मेहरांगेज आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आली आणि पुलावाचा पहिला घास तोंडात घालताच रडायला लागली. चीनमधल्या यीवूत येऊन तिला तेव्हा तीन आठवडे झाले होते. सत्तावीस वर्षांची बाई. आमच्या ताजिकिस्तानात, पंजकेंतच्या दवाखान्यात, ती पाच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. इथे कॉलेजात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसून चिनी बोलायला शिकत होती.

"खोला, मला कानच नाहीत," ती म्हणाली. मला ती खोला, म्हणजे मावशी, म्हणायची. "विकणं आणि विकत घेणं, दोन्हीला एकच शब्द. फरक फक्त सुराचा. मला तो ऐकूच येत नाही."

"बारा वर्षं या बाजारात काढली मी, मला तरी कुठे येतो?" मी म्हटलं. "मी हात करून दाखवते."

"तुम्ही बटणं विकता. मला डॉक्टर व्हायचंय."

ते खरंच होतं. मी आणि माझा नवरा होकिम, आम्ही इथून बटणं, चेन, लेस असला माल खोकी भरून आमच्या राजधानीला, दुशांबेला पाठवतो. आमची चिनी म्हणजे आकडे, 'उद्या' आणि 'परवडत नाही'. तेवढ्यावर संसार झाला.

मेहरांगेजला शिष्यवृत्ती होती एक वर्षाची. वर्षाच्या शेवटी चिनी भाषेची चौथ्या पातळीची परीक्षा पास झाली तर पुढे पदवीला प्रवेश, नाहीतर परतीचं विमान. घरी तिचा थोरला भाऊ सैदअली वाट बघत होता. माणूस वाईट नाही, पण हट्टी. निघताना त्याने सांगितलं होतं, "एक वर्ष देतो. पास झालीस तर शीक तुला हवं तेवढं. नाही झालीस तर मी सांगेन तिथे लग्न करायचं." आणि 'तिथे' म्हणजे कुठे हेही ठरलेलं होतं. मॉस्कोत इमारतींवर काम करणारा, दोन मुलांचा विधुर.

दर रविवारी ती यायची. येताना कानात तारा घातलेल्या, त्यात चिनी संवाद चालू. जेवतानाही एका कानात तार असायची. होकिम चिडवायचा, "तो माणूस तुझ्या कानात काय सांगतो गं एवढं?"

"स्टेशन कुठे आहे म्हणतो, अका." होकिमला ती अका, म्हणजे दादा, म्हणायची. " रोज विचारतो. अजून पोचला नाही."

हसायची, पण नखं पार कुरतडलेली असायची. दुकानात किंमत लिहिलेली असेल तीच वस्तू घ्यायची, खानावळीत चित्राकडे बोट दाखवायचं. फोन वाजला आणि चिनी नंबर असला की तो उलटा करून ठेवायचा. एकदा केस कापायला गेली, तिथल्या बाईने काहीतरी विचारलं, हिने 'हो' म्हणून मान हलवली. आली ती कानापर्यंत कापलेले केस घेऊन. "मी नुसती टोकं कापायला गेले होते," म्हणाली आणि ओढणी घट्ट बांधून बसली.

मान हलवणं हाच तिचा रोग होता. वर्गात बाई 'समजलं का' विचारतात तेव्हा सगळेच परदेशी विद्यार्थी मान हलवतात, कारण जो हलवत नाही त्याला उभं राहून बोलावं लागतं. मेहरांगेज सगळ्यांच्या आधी हलवायची. डिसेंबरात सराव परीक्षा झाली. वाचण्यात जवळजवळ पैकीच्या पैकी, ऐकण्यात दाणादाण. तिच्या शू बाईंनी तिला तास संपल्यावर थांबवून घेतलं.

"तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण तू माझ्याशी रोज खोटं बोलतेस."

"मी? काय खोटं बोलले?"

"तोंडाने नाही. मानेने."

हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, जणू चोरी पकडली गेली. त्यानंतर ती जास्तच घाबरली. झोप उडाली, केस गळायला लागले. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुट्टीत सगळं वसतिगृह रिकामं झालं, ही एकटीच खोलीत बसून तेच ते संवाद ऐकत राहिली.

परीक्षा मे महिन्यातल्या एका शनिवारी होती. आदल्या दिवशी, शुक्रवारी, सकाळपासून होकिमचं पोट दुखत होतं. तो म्हणाला, उपाशी आहे म्हणून दुखतंय, आणि चार वाजता बळेच अर्धा वाडगा लगमान, म्हणजे आमच्या रश्शातल्या शेवया, खाल्लं. अर्ध्या तासात तो जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता.

आमच्यातलं कुणी आजारी पडलं की शेरअली नावाचा आमच्याकडचा एक व्यापारी बरोबर येतो, त्याची चिनी चांगली. तो नेमका ग्वांगझोला गेलेला. मी मेहरांगेजला फोन लावला. उद्या तिची परीक्षा आहे हे मला माहीत होतं. तरी लावला.

पलीकडे चालू असलेला चिनी संवाद तिने बंद केला. मग म्हणाली, "खोला, मला नाही जमणार. दुसरं कुणी नाही का?"

"नाही."

"कुठला दवाखाना?"

आमच्यानंतर दहा मिनिटांत ती पोचली. डॉक्टर तरुण होता, घाईत होता आणि इकडच्या बोलीत भराभर बोलत होता. त्याने होकिमचं पोट दाबलं, काहीतरी विचारलं आणि मेहरांगेजकडे बघितलं. तिची मान हलायला लागली. मी ते पाहिलं. मान अर्धी खाली गेली आणि तिथेच थांबली.

"मला समजलं नाही," ती चिनीत म्हणाली. एवढं मलाही कळलं. "हळू सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं, तितक्याच भराभर.

"नाही समजलं. लिहून द्या."

त्याने खरडून दिलं. ते अक्षर कुणाच्या बापालाही लागलं नसतं. मागे रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. एक आजोबा मोठ्याने काही बोलले, ते नक्कीच चांगलं नव्हतं. मेहरांगेजच्या मानेपर्यंत लाली चढली, पण ती हलली नाही. शेजारच्या नर्सपुढे तिने आपला मोबाईल धरला आणि म्हणाली, "ताई, इथे टाईप करा." नर्सने दोन अक्षरं टाईप केली. मेहरांगेजने वाचली आणि वळली.

"अका, कुठलं औषध तुम्हाला सोसत नाही? अंगाला सूज, पुरळ, असं काही?"

होकिम कण्हत होता, मीच बोलले. "पेनिसिलिन. लग्नाआधी एकदा दिलं होतं, तर चेहरा सुजून डोळे मिटले होते. श्वास लागला होता."

तिने ते सांगितलं. डॉक्टरचा पेन थांबला. त्याने आधी लिहिलेलं काहीतरी खोडलं आणि त्यानंतर तो हळू बोलायला लागला.

अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात. मेहरांगेजने ऑपरेशनच्या कागदावरची एकेक ओळ मला समजावली, मी सही केली. शेवटचं जेवण कधी झालं हे डॉक्टरने विचारलं, तेही तिने मला विचारून सांगितलं. साडेसातला होकिमला आत नेलं.

आम्ही बाकावर बसलो. ती ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होती. मला वाटलं, दुवा मागतेय. मग तिने माझा हात धरला. "खोला, तुम्ही मला काय सांगितलंत? कधी जेवले म्हणून?"

"दोन तासांपूर्वी. तेव्हा सहा वाजले होते ना."

"मी 'दोन वाजता' म्हणाले."

"बरं मग?"

"मग काय म्हणता? ते समजतील पोट साडेपाच तास रिकामं आहे. भरल्या पोटी गुंगी दिली आणि उलटी होऊन ती फुफ्फुसात गेली, तर..." नर्स होती, तिने तसं पाहिलं असावं.

ती उठली आणि आतल्या दाराकडे पळत गेली. दारावर मोठ्या लाल अक्षरांत काही लिहिलं होतं. तिने ते वाचलं असणारच, तरी दोन्ही हातांनी दार वाजवलं. एक बाई बाहेर येऊन तिच्यावर खेकसली. मेहरांगेज उलट बोलली नाही की हटली नाही. एकच वाक्य तीनदा म्हणाली, बोटं दाखवून, चार वाजता, चार वाजता. बाई आत गेली.

तो वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. माझ्या मनात आलं की या पोरीला बोलावलं नसतं तर बरं झालं असतं. आणि लगेच पेनिसिलिन आठवलं.

पाऊण तासाने तीच बाई बाहेर आली. मेहरांगेजने ऐकून घेतलं, एकदा 'पुन्हा सांगा' म्हणाली, पुन्हा ऐकलं. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"झालं. ते ठीक आहेत. ती म्हणते, तातडीच्या रोग्याचं पोट आम्ही भरलेलंच धरतो."

"म्हणजे सांगायची गरज नव्हती?"

"ती म्हणते, तरी सांगितलंस ते बरं केलंस." आणि मग ती रडली, तोंडावर ओढणी धरून, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी तिने परीक्षा दिली. ऐकण्याच्या भागात मध्येच डोळा लागला, असं तिने मला नंतर कबूल केलं. निकाल लागेपर्यंतचा महिना तिने तापकऱ्यासारखा काढला. तीनशेपैकी एकशे शहाण्णव. पास व्हायला एकशे ऐंशी लागतात. पास झाली, पण वैद्यकीच्या यादीत नाव आलं नाही. तिथे जास्त गुण हवे होते. उत्तरेकडच्या एका शहरात, जिथे सहा महिने थंडी असते, नर्सिंगच्या पदवीला जागा मिळाली.

"पाच वर्षं नर्स होते, आता चार वर्षं नर्स व्हायला शिकू," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, ते तिने लपवलं नाही. माझ्यामुळे असं झालं का, हे मी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.

सैदअलीने फोनवर फक्त "पास का?" एवढंच विचारलं. महिन्याने आमच्या एका व्यापाऱ्याबरोबर त्याने तिच्यासाठी पाच किलो सुके जर्दाळू पाठवले. विधुराचं पुन्हा नाव निघालं नाही.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचा फोन आला. सोमवारपासून तिला पहिल्यांदा चिनी वॉर्डात उभं करणार आहेत आणि तिकडच्या म्हाताऱ्यांची बोली तिला अजिबात कळत नाही.

"दोन दिवस पुन्हा कानात तारा घालून बसलेय, खोला," ती म्हणाली. "एखादी आजी काही सांगेल आणि माझ्या हातून राहून जाईल."

होकिमने शेजारून फोन मागितला. "मेहरांगेज, मी कण्हत होतो आणि तू त्या डॉक्टरला पुन्हा पुन्हा 'समजलं नाही' म्हणत होतीस. मला राग आला होता तुझा. तिथेही येईल लोकांना. येऊ दे."

मग तिने विचारलं की जखमेची जागा थंडीत अजून ओढते का, आणि होकिम तिला सविस्तर सांगायला लागला.