मास्तरांचा कान

"आवाज कमी कर रे, माका आयकाक येणा नाय."

कोणाच्याही घरात शिरल्यावर मास्तरांचं पहिलं वाक्य हेच. ऐकू येत नाही म्हणून आवाज कमी करायला सांगणारा दुसरा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी नाही पाहिला.

कट्टा गावच्या बाजारात माझं होम थिएटरचं दुकान. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, चर्चमध्ये पोरांची गाणी बसवायचे. सिस्टीम मी विकायचो, पण गिऱ्हाईक विचारायचं, "लावूक मास्तर येतले मा?" माझी बायकोसुद्धा म्हणायची, "तेंचो कानच वेगळो." मी ताटातला भात चिवडायचो.

एकदा ओरोसला सरकारी क्वार्टरमध्ये एका साहेबांकडे मी सबवूफर, म्हणजे बेसचा तो जड डबा, कोपऱ्यात ठेवला. गाणं लावलं की खोलीभर नुसतं घुमायचं, खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि गाणारीचे शब्द बुडायचे. दोन तास मी बटणं पिळली. शेवटी साहेबच म्हणाले, "तुमच्याकडचे ते मास्तर येतील का?"

मास्तर बसने आले. सबवूफर उचलून त्यांनी थेट सोफ्यावर ठेवला, साहेबांच्या बसायच्या जागी. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिंतीकडेने चक्क रांगायला लागले. हातभर रांगायचं, थांबायचं, ऐकायचं; जिथे गाणं स्वच्छ ऐकू येईल, ती डब्याची जागा. साहेबांची बायको तोंडावर हात ठेवून हसत होती. टीव्हीच्या डावीकडे ते थांबले. "हय." सबवूफर तिथे आला. मास्तरांनी त्याचा आवाज जरा उतरवला, मागचा एक बारीक स्विच उलटा केला. आता डग्ग्याची थाप वेगळी ऐकू येत होती, शब्द वेगळे. साहेबांनी डोळे मिटले. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू?

आठवड्याने वायर बदलायला मी त्याच घरी गेलो. कोणी बघत नव्हतं. मी तो स्विच परत फिरवला. बेस पार पातळ झाला.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला, "मास्तरांनी लावलेलं बिघडलं." आम्ही दोघेही गेलो. मास्तरांनी दोन ओळी ऐकल्या, मागे हात घातला, स्विच फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"माझीच चूक, साहेब," ते ऑफिसातल्या मराठीत म्हणाले. "त्या दिवशी घाईत राहून गेलं."

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. "मास्तर, तो स्विच मियाच फिरवलंय."

"माका कळला."

"मगे सांगल्यात नाय कित्याक?"

"दुकान तुजा आसा रे. बंद पडला तर माका गाणी आयकवतलो कोण?" त्यांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं. "सोमवारी घरी ये. रांगाक शिकवतंय."

मी गेलो. चार सोमवार त्यांच्या घरी गुडघे घासले. त्या दिवसांत त्यांच्या कानाचा हेवा वाटायचाच, वर त्यांच्या मनाचाही वाटू लागला. तो जास्त त्रासदायक.

पुढे मास्तर गोव्याला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. आता घरोघरी मी रांगतो. परवा एका म्हातारीने शांतपणे गाणं ऐकलं आणि म्हणाली, "मास्तरांनी शिकवलेला दिसता."

"होय," मी म्हटलं. खरंच होतं ते. तरी झोंबलंच.