कोरा म्हणून गाळलेला रकाना

बालाजीराव वाढले तंजावरला, संसार केला चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांत आणि पोट भरलं आकड्यांवर. घरात जुनी मराठी, बाहेर तमिळ, डोक्यात गणित. एकाही रोग्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा तोराच होता.

२००८ साली ते एचआयव्हीच्या एका अभ्यासात काम करत. औषध सुरू झालं की रक्तातले विषाणू कसे घटतील, याची समीकरणं ते मांडत. बहुतेकांचे आकडे त्यांच्या रेषेवरून मुकाट्याने खाली उतरत. अठ्ठेचाळीस नंबरच्या बाईचा मात्र उतरून पुन्हा चढला. बालाजीरावांनी समीकरणात चुकवलेल्या गोळ्या घालून पाहिल्या. रेषा चपखल बसली. खूश होऊन त्यांनी अहवालात लिहिलं, 'निम्म्या गोळ्या चुकवते.' नव्या, महागड्या औषधांना मंजुरी देणाऱ्या समितीने ते वाचलं आणि नकार दिला. जुन्या गोळ्या घेत नाही, तिला नव्या कशाला?

सहा महिन्यांनी अठ्ठेचाळीस नंबर दारात येऊन उभा राहिला. नाव त्रिपुरसुंदरी. वेलचेरीच्या फ्लॅटांत स्वयंपाक करायची. आता पळी उचलायचं बळ नव्हतं.

"मी गोळ्या खात नाही असं लिहिणारे सार तुम्हीच ना? नर्सबाईंनी खोली दाखवली."

तिने पिशवीतून रोज फाडायच्या कॅलेंडरची पानं काढून टेबलावर ठेवली. वर्षभराची. प्रत्येक पानावर कुंकवाची दोन बोटं, एक सकाळच्या गोळीचं, एक रात्रीच्या.

"लिहिता येत नाही मला. मोजा आता. मोजण्यात हुशार आहात म्हणे."

बालाजीरावांनी मोजली नाहीत. हळूच विचारलं, "याच्या आधी कधी औषध घेतलं होतं?"

"नवरा होता तेव्हा. एकाच्या गोळ्या दोघांत वाटून, वर्षभर. फॉर्म भरताना सांगितलंय मी."

सांगितलं होतंच. 'आधीची औषधं' हा रकाना दोनशेत नऊ जणांचाच भरलेला होता. गणित अडतं म्हणून बालाजीरावांनी तो अख्खा गाळला होता. त्या अर्धवट गोळ्यांना विषाणू केव्हाच सरावला होता. आता ही बाई एकही गोळी न चुकवता निरुपयोगी औषध गिळत होती. त्यांचे कान तापले. तिला बसा म्हणायचंही सुचलं नाही.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

"मला काय सांगता? त्यांना लिहा."

ते लिहायला बसले. शेजारच्या टेबलावरचा राजगोपाल वाकून पुटपुटला, "सार, 'माहितीअभावी' म्हणा. स्वतःला कशाला अडकवून घेता?" बालाजीरावांनी 'माहितीअभावी' लिहिलंसुद्धा. मग खोडलं.

"काय लिहिलंत ते वाचून दाखवा," त्रिपुरसुंदरी म्हणाली.

त्यांनी तिला तमिळमध्ये वाचून दाखवलं, "माहिती होती. मी गाळली."

"तेवढंच पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. राजगोपाल खिडकीबाहेर बघत होता.

मंजुरी महिन्याभरात आली. त्रिपुरसुंदरी नवं औषध न्यायला आली, त्या दिवशी बालाजीराव खोलीतून बाहेर पडले नाहीत. तिचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत दाराची कडी लावून बसले.