टोकाच्या वाफ्यातले झाड

सुनंदाताईंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या कुरकुरीमुळे. अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावच्या बाजारातून मी पिओनीच्या कळ्यांची एक जुडी घेतली आणि दोन पावले बाजूला जाऊन नवऱ्याला फोन लावला. "फसवलं रे मला, सगळ्या कच्च्याच दिल्यात," असे मी म्हणते न म्हणते तोच फुलवालीच्या रेनकोटच्या टोपीआडून शुद्ध मराठीत उत्तर आले, "कच्च्या नाहीत. पाण्यात ठेवा, परवा उमलतील. तेवढी घाई असेल तर प्लास्टिकची पलीकडे मिळतात."

मी शरमले, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, कारण कळ्या खरोखरच परवा उमलल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या नर्सरीत माझे येणेजाणे आहे. घाई मात्र गेली नाही. सुनंदाताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात सर्वांत उशिरा आलेला लेख माझाच असेल. संपादक रोज आठवण करीत होते आणि मी रोज खिडकीतून आभाळ पाहत होते. लायडनला माझ्या प्रयोगशाळेत बैठका चालू असताना माझे लक्ष मोबाइलवरच्या हवामानाकडे असे. सुनंदाताईंच्या नर्सरीतल्या टोकाच्या वाफ्यात एका झाडाला कळी आली होती आणि ती उमलेपर्यंत मला हा लेख पुरा करता येत नव्हता. त्या कळीवर काय अवलंबून होते, ते सांगायचे तर जरा मागे जायला हवे.

सुनंदाताई मूळच्या कोल्हापूरच्या. शेतकी शिक्षण पुरे करून फुलशेती शिकायला त्या इथे आल्या, हेंककाकांच्या वडिलांच्या नर्सरीत उमेदवारीसाठी राहिल्या आणि पुढे हेंककाकांशी लग्न करून त्याच घराच्या सूनबाई झाल्या. सासऱ्यांनी तयार केलेली पांढरी पिओनी त्या घराची ओळख होती. ताईंनी तिच्या शेजारी स्वतःची वाणे उभी केली. 'अबोली' तिच्या रंगावरून ओळखावी. 'तिसरी घंटा' हे वाण बाकी सगळी फुले संपत आल्यावर उमलते. लिलावातले डच व्यापारी ते नाव कसेबसे उच्चारतात आणि त्याचा अर्थ विचारतात. मग ताई त्यांना मराठी नाटक कसे सुरू होते ते समजावून सांगतात.

नवे वाण करणे म्हणजे काय, हे मला इथेच कळले. एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलाला लावायचे, त्यावर कागदी पिशवी बांधायची, उन्हाळा सरता सरता बोंडे काढायची, शरदात बी पेरायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. पहिल्या फुलावरून काहीच ठरत नाही. त्या घरचा नियम असा, की पहिल्या फुलापासून रोपाला तीन वसंत द्यायचे. तिसऱ्या वसंतात सकाळच्या कॉफीआधी घरातल्या सगळ्यांनी त्याच्यासमोर उभे राहायचे. एकाचाही नकार आला तर झाड जाते, आणि ज्याने ते जन्माला घातले त्यानेच ते उपटायचे असते. एका गर्द जांभळ्या झाडासाठी मी ताईंची मनधरणी केली होती. त्याला वास नाही, एवढेच त्या म्हणाल्या आणि उपटून मोकळ्या झाल्या. घरी नेऊ का, असे मी विचारले. तेही त्यांनी नाकारले. नापास झाडे प्रेमापोटी वाटत सुटलो तर नर्सरीच्या नावाला काय अर्थ उरेल, असे त्यांचे म्हणणे.

झाडांच्या बाबतीत इतक्या कठोर असलेल्या सुनंदाताई माणसांच्या बाबतीत किती मऊ आहेत, याचा दाखला आमच्याच घरचा आहे. सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मी त्यांना नर्सरीत सोडून कामाला गेले. वाफ्यात पाकळ्या काढून टाकलेली, कागदी पिशव्या बांधलेली, वाळू लागलेली फुले पाहून त्यांना राहवले नाही. इतकी देखणी बाग आणि निर्माल्य तसेच झाडावर. त्यांनी एकेक पिशवी सोडली, बोंडे खुडली आणि सारे निर्माल्य रीतीप्रमाणे ओढ्याकाठच्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवले. त्या वर्षीचे सगळे संकर त्या ढिगात गेले. संध्याकाळी मी पोचले तेव्हा हेंककाका बुंध्याशी उभे होते, मला तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि ताई सासूबाईंना चहा देत म्हणत होत्या, "काकू, तुम्ही केवढं आवरलंत. दमला असाल." आपण काय केले ते सासूबाईंना आजतागायत ठाऊक नाही. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक पिशवीवर ताईंच्या अक्षरात देवनागरीत लिहिलेले असते, 'हे निर्माल्य नाही'. तिथल्या पोलिश कामगारांना ते वाणाचे नाव वाटते.

त्या ढिगातून एकच बोंड सुटले होते, खांबाआड असल्यामुळे. टोकाच्या वाफ्यातले झाड त्याच बोंडातल्या बियांचे. यंदा त्याचा तिसरा वसंत होता.

या झाडावर नर्सरीतले बरेच काही येऊन ठेपले होते. ताईंची मुलगी एल्स आता कारभार पाहते. संकरांच्या वाफ्यात बाजारात खपणारी वाणे लावावीत, असा तिचा आग्रह होता. त्यात चूक काहीच नव्हती. उत्पन्न न देणारी जमीन इथे कोणाला परवडते? ताईंनी तिला सांगितले होते, की हे झाड पास झाले तर वाफा राहील, नाही झाले तर माझे संकर करणे संपले, वाफा तुझा. हे त्यांनी मला कळ्या निवडता निवडता सांगितले, जणू गोष्ट तिसऱ्याच कोणाची होती. मला रात्री झोप लागेना. माझी नोकरी गेली आणि इथे राहण्याच्या परवान्याची मुदत अंगावर आली, तेव्हा मी घरात येरझाऱ्या घालत होते. त्या वेळी याच बाईंनी मला वाफ्यात बोलावून मुख्य कळीच्या बाजूच्या बारक्या कळ्या खुडायला बसवले होते. हाताला काम दिले की डोके गप्प बसते, असे त्या म्हणाल्या होत्या. आता त्यांच्याच हातचे काम जाणार होते.

यंदाचा मे थंड निघाला. मी रोज फोन करायची. त्या रोज सांगायच्या, "मेधा, कळी तुझ्या फोनने उमलत नाही." अखेर एका रविवारी त्यांचाच फोन आला. मी सायकल काढली.

फूल उमलले होते. पिकल्या पेरूच्या गराचा रंग, मधोमध पिवळे पुंकेसर. असा रंग मी दुसऱ्या कुठल्याच पिओनीत पाहिलेला नाही. पण रात्री पाऊस झाला होता आणि दांडा वाकून फूल मातीला टेकले होते. हेंककाका "मोई," म्हणाले, म्हणजे सुंदर. ताईंनी दोन बोटांनी फूल उचलले, सोडले. ते पुन्हा खाली गेले.

"नाही," त्या म्हणाल्या. "दांडा नाही याला."

त्यांनी फावडे हातात घेतले. मी मान फिरवली. मला ते बघवत नव्हते.

एल्सला मराठी सगळे समजते, पण लहानपणापासून ती आईला डचमध्येच उत्तर देत आली आहे. त्या सकाळी ती मराठीत बोलली. "आई, थांब. आधी पराग काढ. 'तिसरी घंटा'ला लावू, तिचा दांडा चांगला आहे."

ताईंनी फावडे मातीत टेकवले. मग वाफ्याचे काय, असे त्यांनी विचारले. एल्सने खांदे उडवले आणि डचमध्ये सांगितले, की बी कुठेतरी पेरावे लागेलच. ताईंनी फावडे हेंककाकांकडे दिले आणि माझ्याकडे कागद मागितला. माझ्या पिशवीत या सत्कार समारंभाच्या निमंत्रणाचे पाकीट होते. पराग त्यातच वाळत घातले. ते झाल्यावर त्यांनी झाड उपटले. नियम तो नियम.

हे लिहिताना 'तिसरी घंटा'च्या कळ्या अजून गोट्यांसारख्या घट्ट आहेत आणि पाकीट त्यांच्या स्वयंपाकघरात फडताळात आहे. मोठ्यांना आपण शंभर शरद चिंततो. सुनंदाताईंना शरद हवेतच, बी पेरायला. पण मला त्यांच्यासाठी मे महिनेही मागायचे आहेत, पुष्कळ, आणि टोकाच्या वाफ्यापर्यंत त्यांना स्वतःच्या पायांनी चालत जाता येईल असे. त्या पाकिटातल्या परागांचे बी धरेल, रोप वाढेल, तिसऱ्यांदा फुलेल, तेव्हा त्याच्यासमोर उभे राहून हो किंवा नाही म्हणायला त्याच हव्यात. त्याला किती वर्षे लागतील ते मी विचारलेले नाही. या एका बाबतीत मला मुळीच घाई नाही.