पुरवणीचा दोरा

पुण्याच्या कॉलेजात जाण्याआधी दोन वर्षं मी कोल्हापुरात लिंगभाव आणि सामाजिक न्याय शिकले. तास सुरू झाला की शिपाई मावशी दाराबाहेर स्टुलावर बसायच्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कान मात्र वर्गात. मॅडमचं एखादं वाक्य पटलं की बाहेरून ठणठणीत आवाज यायचा, "व्हय की! खरं हाय!" आम्ही हसायचो.

विधवांच्या प्रथांवर चार तास झाले. मावशींचा नवरा गेलेला. ते चारही तास स्टुलावरून आवाज आला नाही.

मग महिला दिन आला. बाईच्या हक्कांचा दिवस, म्हणून विभागानं काय ठेवावं, तर हळदीकुंकू! कुंकवाचा करंडा माझ्याच हातात होता. मी जवळ गेले तशा मावशी आपणहून मागं सरकल्या. "फुडं जा पोरी, मला न्हाय चालत."

आणि मी पुढं गेले. हे बघत असलेल्या मॅडमनी कुंकवासाठी आपलं कपाळ पुढं केलं.

परीक्षेत नेमका विधवांच्या प्रथांवर प्रश्न आला. मी पुरवणी घेतली. ती बांधायला दोरा मावशींनीच आणून दिला.

"लई लिवलीस की गं," त्या कौतुकानं म्हणाल्या.

त्या पेपरात मी पहिली आले.