टाकीशेजारचं सूप

पेट्रोलपंपावर वास आला की मला अजून कुंडलचं आमचं अंगण दिसतं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मिलिटरीतून परतलेल्या ह्यांनी शर्यतीसाठी जुनी जीप घेतली होती. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका अंगाला जायचं आणि इंजिन बंद पडायचं. म्हणून टाकी कापून आत भोकं पाडलेले पत्रे आडवे बसवायचे होते. टाकी रिकामी होती, तरी वास जात नव्हता.

"आवं, आणखी एकदा धुवा की," मी म्हणाले.

"धुतलीया. भ्या न्हाई," म्हणत ह्यांनी वेल्डिंगची ज्योत पेटवली.

तेवढ्यात सासूबाई ज्वारीचं सूप घेऊन आल्या आणि टाकीला खेटून निवडत बसल्या.

"आई, ऊठ तिथनं!"

"का रं? भ्या न्हाई म्हनलास न्हवं?"

ह्यांनी ज्योत विझवली आणि टाकी उचलून विहिरीकडं नेली.

मी सूप उचललं. सुपात खडे राहिले होते आणि ज्वारी सगळी अंगणात टाकलेली. म्हातारीची नजर अधू झाली असं वाटून मी तेव्हा हसले. आता मुलगा घाटातून येणार असला, की निवडताना माझेही हात तसेच चुकतात.