‘ही गोधडीच नाही’ म्हणणाऱ्यांच्या दारात: भिलाईतले तीन दिवस

“मंडळवाल्यायनं माही गोधडी वापस केली,” सुमनआत्या फोनवर म्हणाली. “म्हणे ही गोधडीच नाही. तू ये. आपण आणखी एक करू.”

मी नागपुरात राहते, आत्या भिलाईत. तिचे यजमान पोलाद कारखान्यात अधिकारी होते. ते गेल्यापासून ती मुलाकडे, महेशकडे, भिलाईतल्याच कोहक्याला असते. गेल्या वर्षी तिला लकव्याचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात मात्र अर्धाच परत आला. कैचीने कापताना कापड त्या हाताने धरता येत नाही. म्हणून तिने आधीच कापलेल्या चौकोनांची गोधडी शिवायला घेतली होती आणि तीच तिथल्या महिला मंडळाच्या हस्तकला प्रदर्शनात नोंदणीच्या टेबलावरूनच परत आली होती.

“अन् सोमवारी शिवणाची मशीन घ्यायला माणूस येऊन राहिला,” ती पुढे म्हणाली. “महेशनं विकायला काढली. मले न विचारता.”

मी शुक्रवारची रजा टाकली.

नागपूरहून दुर्गकडे दिवसभर गाड्या असतात. सकाळची धरली तर दुपारच्या जेवणाला भिलाईत पोचता येतं आणि साध्या डब्याचं तिकीट एका थाळीच्या पैशात पडतं. गोंदियापर्यंत भातशेती. पुढे सालेकशाचं जंगल लागतं, अंगावर स्वेटर घालावासा वाटतो. डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ दिसलं की डब्यातले निम्मे हात कपाळाला जातात. राजनांदगावला मी फलाटावरचे समोसे घेतले आणि पस्तावले. घरून डबा न्या. दुर्गला उतरून सुपेल्यापर्यंत शेअर ऑटो मिळते, तिथून कोहक्याला दुसरी. सामान जास्त असेल तर पूर्ण ऑटो ठरवा, पण भाव बसायच्या आधी बोला.

आत्या फाटकात उभी होती. डावा हात स्वेटरच्या खिशात, उजव्या हातात झारा.

“हात धू, बस,” ती म्हणाली. “फरे केले.”

फरे म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट गोळे, वरून मोहरी-तिळाची फोडणी. छत्तीसगडात येऊन हॉटेलात इडली खाणाऱ्यांची मला दया येते. कुणाच्या तरी घरी फरे खा. ओळख नसेल तर काढा.

जेवण झाल्यावर तिने पलंगावर चौकोनांचा ढीग ओतला. शाळेच्या गणवेशाच्या चौकडी, कुर्त्यांची फुलं, एक भडक लाल, एक अगदी औषधाच्या बाटलीसारखा हिरवा. सगळे वीतभर, सगळे सारखे. सुपेल्यात गणवेश शिवणारं एक दुकान आहे. तिथले कटिंग मास्टर उरलेल्या कापडाचे थर एकावर एक ठेवतात आणि मशीनने एकदमच चौकोन पाडून देतात. आत्याने त्यांना गोड बोलून पटवलं होतं. शहरात अशी दुकानं असतात, विचारायची लाज सोडा. नाहीतर ऑनलाइन पाकिटं मिळतातच.

“आता मांड,” आत्या म्हणाली. “गडद-फिका, गडद-फिका. डोकं नको लावू.”

मी डोकं लावलं. अर्धा तास चौकोन इकडचे तिकडे करत होते. शेवटी तिने मला मोबाइलवर फोटो काढायला लावला, तोही काळा-पांढरा. त्यात कुठे काळोख साचलाय ते लगेच दिसलं. दोन चौकोन बदलले आणि झालं.

मग ती मशीनवर बसली. मोटर लावलेली हलकी मशीन. तिचा डावा हात कापडावर नुसता ठेवलेला, कागदावर वजन ठेवावं तसा. उजव्या हाताने ती दोन चौकोन एकमेकांवर ठेवून पुढे सरकवायची, पायाने मशीन चालवायची, आणि दोरा न तोडता लगेच पुढची जोडी. बघता बघता मशीनमागून चौकोनांचं तोरण खाली लोंबायला लागलं. मला काम होतं ते दोरे कापायचं आणि इस्त्रीचं. एका ओळीची शिवण डावीकडे दाबायची, पुढच्या ओळीची उजवीकडे, म्हणजे ओळी जोडताना कोपरे एकमेकांत बसतात. सगळं शास्त्र एवढंच.

महेश कामावरून आला आणि दारातच थांबला. मला बघून हसला. मशीन चालू बघून हसू गेलं.

“ताई, तूच सांग हिले,” तो म्हणाला. “सुई बोटातून गेली तर? डाव्या हाताले समजते तरी का हिच्या? मी घरी आलो तेव्हा आई किचनमध्ये पडली होती. किती वेळची पडली होती, आजही मले मालूम नाही. मैं दोबारा वो नहीं देख सकता, यार.”

त्याचा आवाज शेवटी फाटला. तो वाईट मुलगा नाही, घाबरलेला मुलगा आहे.

आत्याने मशीन थांबवली. “पडली होती तेव्हा मी शिवून नव्हती राहिली, महेश. चहा करून राहिली होती. चहा बंद केला का तू?”

तो आत निघून गेला. आत्याने पुढची जोडी सुईखाली सरकवली.

शनिवारी आम्ही भिलाईजवळच्या उतई गावाला गेलो. आत्याच्या गल्लीत भाजी घेऊन येणारी दुलारी तिथली. तिच्या लेकीला दिवस भरायच्या आधीच बाळ झालं होतं आणि दुलारी आठवडाभर आली नव्हती. मंडळाने परत केलेली गोधडी आत्याने पिशवीत घातली.

“ती दुरुस्त करून पुन्हा द्यायची ना?” मी विचारलं.

“कायले? त्या पोराले थंडी वाजून राहिली. प्रदर्शनाले वाजते का?”

कोहक्याहून उतईला जायला आम्ही दिवसभरासाठी ऑटो केली. भिलाईचे सेक्टर म्हणजे कारखान्याची वसाहत: सरळ रस्ते, मोठाली झाडं, एकसारखे क्वार्टर. रिसाली मागे पडली की घरं विरळ होतात आणि कापलेल्या धानाची शेतं लागतात. वाटेत चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं खाल्लं, टोमॅटोच्या चटणीबरोबर. हा थांबा चुकवू नका. चटणी तिखट असते, पाणी जवळ ठेवा.

दुलारीचं घर बाजारामागे. तिची लेक उन्हात खाट टाकून बसली होती, मांडीवर बाळ. इतकं लहान बाळ मी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. टोपीत सगळा चेहरा बुडाला होता. आत्याने गोधडी उलगडली. आत जुन्या सुती साड्यांचे थर, मागे मऊ चादर, आणि चौकोनांच्या कोपऱ्यांवर फक्त गाठी मारलेल्या. दुलारीने तळहात फिरवून पाहिला.

“दाई, ये तो अब्बड़ सुग्घर हे,” ती म्हणाली. फार सुंदर आहे म्हणे.

“सुंदर कसली! फेल झाली ही,” आत्या म्हणाली आणि प्रदर्शनाची सगळी हकीगत हिंदीत सांगितली.

दुलारी पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली. “लइका ला का पता, पास हे के फेल!” बाळाला काय ठाऊक, म्हणे.

लेकीने बाळाला गोधडीत गुंडाळलं. ते जरा कुरकुरलं, मग एक पाय आतल्या आत ताणला आणि झोपलं. आत्या किती तरी वेळ बघत राहिली. हाताने शिवलेल्या गोधडीला महिनोन्महिने लागतात हे मलाही माहीत आहे, त्या कामाला माझा दंडवत आहे. पण हे बाळ तोवर थांबलं नसतं.

परत येताना आत्या म्हणाली, “उद्या प्रदर्शन आहे. मी मशीन घेऊन जाते त्यायच्या दारात.”

मला वाटलं ती गंमत करतेय.

रविवारी सकाळी महेश बाजारात गेला तेव्हा आम्ही मशीन ऑटोत ठेवली. आदल्या रात्रीच नवी गोधडी पुरी झाली होती: वरचा थर आणि अस्तर सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून, पाठीवर साड्या टाकून तीन बाजू शिवायच्या, चौथीतून उशीच्या अभ्र्यासारखी उलटी करून तीही शिवून टाकायची. काठ लावायची भानगड नाही. प्रदर्शनाचं सभागृह नेहरू नगरात, हायवेपासून जवळच. मंडळाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न एका मंडळाचा नाहीच.

अध्यक्षबाई टेबलाशी होत्या. कडक इस्त्रीची साडी, शांत आवाज.

“सुमनताई, मागेच सांगितलं ना तुम्हाला. चौकोन तुम्ही कापले नाहीत, टाके मशीनचे. याला कौशल्य काय लागतं? उद्या कुणीही करेल.”

“करू द्या ना,” आत्या म्हणाली. “अन् गहू गिरणीत दळून आणता तुम्ही. मग पोळी गिरणीवाल्याची झाली का?”

मागे कुणी तरी फिस्सकन हसलं. अध्यक्षबाई नाही हसल्या. “नियम सगळ्यांना सारखे असतात,” म्हणाल्या आणि पुढच्या बाईची वस्तू हातात घेतली.

आम्ही बाहेर आलो. फाटकाशेजारी पोहे-जिलबीची गाडी होती. आत्याने त्या माणसाला विचारलं, त्याने बल्बच्या तारेवरून आम्हाला वीज दिली. एक स्टूल, एक फळकुट, त्यावर मशीन. तयार गोधडी मी कुंपणाच्या जाळीवर टांगली. पिशवीत उरलेले चौकोन होते.

“या बाई, बसा,” आत्या प्रदर्शनाला येणाऱ्या पहिल्या बाईला म्हणाली. “दोन चौकोन जोडून जा.”

ती बाई घाईत होती, तरी बसली. शिवण वाकडी गेली. “उसवू का?” तिने विचारलं. “उसवायचं नाही,” आत्या म्हणाली. मग तिची नणंद बसली. मग कोचिंगच्या क्लासला निघालेल्या दोन मुली, एक सुरकुतलेले निवृत्त फोरमन. त्यांनी आधी मशीनचा पट्टा तपासला, तेल कधी घातलंय विचारलं आणि मगच चौकोन हातात घेतले. पोहे खाता खाता लोक थांबत होते. सभागृहातून बायका डोकावत होत्या, काही चपला घालून बाहेर येत होत्या. पोहेवाल्याने दुसरी कढई चढवली.

आणि मग महेश आला. कुणी तरी त्याला फोन केला असणार. स्कूटर वाकडी लावून तो तरातरा आमच्याकडे आला.

“आई, चल घरी. तमाशा चाललाय इथं.”

“बस,” आत्या म्हणाली. “एवढी ओळ होऊ दे.”

तो बसला नाही. पण थांबला. आत्याने जोडी सुईखाली ठेवली, डावा हात उजव्या हाताने उचलला, सुईपासून लांब, ठरलेल्या जागी ठेवला. मग पायाने मशीन सुरू केली. काठ आला की पाय उचलला. पुन्हा डावा हात उचलून ठेवला. प्रत्येक वेळी तसंच. महेशचे डोळे त्या हातावर खिळले होते. घरी तो कधी शिवण संपेपर्यंत उभा राहिलाच नव्हता.

ओळ संपली. तिने ती झटकून त्याच्यापुढे केली. “धर.”

त्याने दोन्ही टोकं धरली. बराच वेळ बघितलं.

“दो लाल साथ में आ गए, आई.”

“येऊ दे,” ती म्हणाली.

त्याने स्कूटर बाजूला नीट लावली आणि पोह्यांची प्लेट घेतली. ती आत्याला भरवायला गेला तर तिने त्याच्या हातातून चमचा काढून घेतला. दुपारी तो गाडीमागे जाऊन फोनवर बोलत होता. मला एवढंच ऐकू आलं: “नहीं भैया, कल मत आना। मशीन नहीं देनी है।”

अध्यक्षबाई एकदा फाटकापर्यंत आल्या. जाळीवरची गोधडी पाहिली, काठ बोटांत धरून पाहिला, आणि आत गेल्या. बक्षीस आत कुणाला तरी मिळालं. टाळ्या ऐकू आल्या.

“मले त्यायचं सर्टिफिकेट नकोच होतं,” घरी जाताना आत्या म्हणाली. ऑटो सुपेल्याच्या रविवार बाजारातून गर्दी कापत चालली होती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “खोटं बोलली. पाहिजे होतं. पण आता नाही मिळालं तर नाही. शिवणं त्यायले विचारून थोडीच सुरू केलं होतं.”

सोमवारी सकाळच्या गाडीने मी नागपूरला परतले. परतीचं आरक्षण आधीच करा, सोमवारी गाडी भरून येते.

भिलाईला लोक कारखाना, बगीचा, सेक्टरची झाडं बघायला जातात. जरूर जावं. माझ्याबरोबर आलं ते वेगळंच: सोपी गोष्ट कमी दर्जाची असते, हे जे मला आयुष्यभर शिकवलं गेलं ते आता माझ्याकडून मानलं जात नाही. ज्यांचे दोन्ही हात चालतात आणि ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी अवघड करावं. त्यांनी बाकीच्यांच्या दारात उभं राहून नियम वाचू नयेत.

गेल्या रविवारी मी माझ्या सोसायटीच्या गच्चीवर चटई टाकून चौकोन मांडले. शेजारच्या काकू वाळवण उचलायला आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

“हे काय गं? हे तर एकदम सोपं आहे!”

“हो काकू, सोपंच आहे,” मी म्हटलं आणि त्यांच्यासाठी चटईवर जागा केली.