दुपारी जागी असलेली जनता

आमच्या राजकोटात दुपारी एक ते चार आभाळ कोसळलं तरी कुणी उठत नाही. दुकानांची शटरं खाली, गल्लीतली कुत्रीसुद्धा आडवी. त्या वेळेला जागी असते ती एकटी आमच्या खालच्या मजल्यावरची मुक्ताबेन राणपरा. नवरा गेल्यापासून तिचा खाकऱ्यांचा घरगुती धंदा. हाताखाली रसिला आणि कंचन. तिघींना दुपार कसली नि झोप कसली!

आणि टीव्हीवाल्यांना जनता लागते ती नेमकी दोन वाजता, कारण आठच्या बातम्यांत ती दाखवायची असते. त्यामुळे गेली सहा वर्षं आमच्या गावची सर्वसामान्य गृहिणी म्हणजे मुक्ताबेन. अर्थसंकल्प आला, मुक्ताबेन. डॉलर चढला, मुक्ताबेन. बाकीची जनता घोरत असते.

वार्ताहर धर्मिल. पोरगा वाईट नाही, पण अर्थशास्त्र म्हणून त्याला एकच वस्तू माहीत: सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, पंधरा किलोचा डबा. व्याजदर वाढले की डबा कॅमेऱ्यापुढे आणतो, शेअर बाजार पडला की तोच डबा आडवा पाडतो. म्हणे, प्रेक्षकांना सोपं करून सांगावं लागतं. प्रेक्षक म्हणजे आम्ही. हजार माणसांच्या लग्नाचा हिशोब आम्ही बोटांवर करतो, पण टक्केवारी आम्हाला झेपत नाही असं अमदावादच्या स्टुडिओत ठरलेलं आहे.

यंदा दिवाळीनंतर मुक्ताबेननं खाकऱ्याचा भाव किलोमागे वीस रुपयांनी वाढवायचं ठरवलं. तेल, गहू, गॅस, सगळंच वर गेलेलं. त्या विसातूनच दोघींचा पगार वाढणार होता. भाव नाही वाढला तर दोघींना ठेवणं जमणार नाही, हेही तिनं त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. बाईच्या पोटात काही राहत नाही.

त्याच आठवड्यात धर्मिल पेढ्यांचा पुडा घेऊन आला. महागाई सात टक्क्यांवरून पाचावर उतरली होती, म्हणून मुक्ताबेननं रसिलाला पेढा भरवायचा नि दोघींनी हसायचं. मुक्ताबेननं भाजलेल्या खाकऱ्यांची चळत पुढं ओढली.

"हे बघ बेटा. ही चळत गेल्या वर्षी सात बोटं वाढली. यंदा आणखी पाच बोटं वाढली. वाढायचा वेग कमी झाला. पण वरचा एक तरी खाकरा कुणी उचलला का? मग स्वस्त काय झालं?"

सातवी पास बाई! त्या दिवशी झोप मोडून मी तिथंच बसले होते, मला तर एका झटक्यात कळलं. धर्मिलही वा मासी, वा मासी करत राहिला. सगळं कॅमेऱ्यात घेतलं, आणि शेवटी असू दे म्हणून रसिलाला पेढाही भरवून घेतला. पाहुण्यानं आणलेल्या पेढ्याला नाही कसं म्हणायचं?

रात्री आठला अख्खी इमारत टीव्हीपुढं. डब्याला छत्री बांधलेली, तो आभाळातून झुलत झुलत खाली येतोय. खाली मुक्ताबेन पेढा भरवतेय. चळत नाही, बोटं नाहीत, एक शब्द नाही. वर निवेदिका किंचाळतेय की गृहिणींच्या घरी दिवाळी परतली.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक वजुभाई, निवृत्त पोस्टमास्तर. नवा भाव ऐकून त्यांनी पिशवीची परत घडी केली. काल स्वतः पेढे वाटलेत आणि आज भाव वाढवता, म्हणाले. पाठोपाठ आलेल्यांनी तर वीस रुपये उतरवून मागितले. मुक्ताबेननं चळत मांडून मांडून बोटं दाखवली. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, पण टीव्हीवर तर तुम्हीच होतात ना! निम्मी गिऱ्हाइकं महिन्याभरात दुसरीकडं गेली. भाव जुनाच राहिला, आणि रसिला घरी बसली. मला इतका संताप आला की मी टीव्हीची वायरच उपटली. आमच्या ह्यांनी ती संध्याकाळी परत लावली, ते सोडा.

गेल्या मंगळवारी धर्मिल पुन्हा हजर. या वेळी विषय रोजगाराचा. नुकतंच काम सुटलेली एखादी बाई ओळखीत आहे का, असं त्यानं मुक्ताबेनला विचारलं.

"आहे ना. रसिला. तुझ्या पेढ्यानं सुटलंय तिचं काम."

धर्मिलनं वही काढून पत्ता मागितला, आणि पेन उघडता उघडता विचारलं, "मासी, रडतील ना त्या कॅमेऱ्यापुढं?"

"ती नाही रडायची. उद्यापासून येऊ नकोस म्हटलं, तर पदर खोचून राहिलेलं पीठ मळून गेली ती. रडले मी. तेव्हा नव्हता तुला कॅमेरा सुचला."